रावपुऱ्याकडचा मोची: सोल बदलून वर्ष झालं, आता लिहितो

आधी कामाचं सांगतो, कारण बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातात. चामडी बुटांचा अख्खा सोल बदलला, कडेनं हातशिलाई, टाचेच्या आत नवा चामड्याचा तुकडा, वर पॉलिश. सगळं मिळून ७५० रुपये. काम पक्कं. तारीख मात्र पाळत नाहीत. माझ्या वेळी गुरुवार सांगितला आणि बूट पुढच्या बुधवारी हातात आले. वर्षभर रोज घालून, एक पूर्ण पावसाळा काढून मग लिहायला बसलोय.

दुकान बडोद्यात, रावपुऱ्याकडून दांडिया बाजाराकडे येताना एका बोळाच्या तोंडाशी आहे. पाटी नाही, नाव नाही, मोबाईलच्या नकाशात शोधू नका. खूण सांगतो. ओट्यावर लोखंडी ऐरण, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले एकेकटे बूट (जोडीतला दुसरा आत ठेवतात, चोराला एका बुटाचा काय उपयोग), आणि समोर उभ्या असलेल्या जुन्या लुनाच्या सीटवर झोपलेलं मांजर. मोचीकाका साठीच्या पुढचे. आपल्याशी मराठी बोलतात, पण विषय कामावर आला की गुजरातीत शिरतात. आपण बडोद्याची माणसं तशीही अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं बोलतो, त्यामुळे अडत नाही.

आता बुटांची हकीकत. लांब आहे, पण तिच्याशिवाय त्यांचं काम कसं आहे ते नीट सांगता येणार नाही.

मी औषध कंपनीत एमआर आहे. फुल शर्ट, टाय, काळे बूट, खांद्याला बॅग, दिवसाला दहा-बारा डॉक्टर. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा आमच्या तळमजल्याच्या घरातही आलं. मगरींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडे मगर नाही आली, चिखल आला. खालच्या फळीवरचे माझे दोन्ही जोड त्या पाण्यात बुडून राहिले आणि वाळल्यावर पापडासारखे कडक झाले. कामावर जायचं तर बूट हवेत, आणि त्या आठवड्यात फ्रिजपासून गाद्यांपर्यंत सगळंच नवं घ्यायचं होतं. मम्मीनं माळ्यावरून एक पिशवी काढून दिली. म्हणाली, "हे बघ, तुझे मिशनचे. अजून चांगले दिसतायत."

मिशनचे म्हणजे काय, ते इथंच सांगून टाकतो. मी द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा सभासद. लोक मॉर्मन म्हणतात. २०१८ मध्ये आमच्या चर्चनं ते टोपणनाव टाळा असं सांगितलं, पण पूर्ण नाव सांगेपर्यंत समोरच्याची रिक्षा निघून जाते. आमचं घर मूळचं नगरकडचं मराठी ख्रिस्ती. आजोबा रेल्वेच्या नोकरीत बडोद्याला आले. लहानपणी घरी पेटीवर रेव्हरंड टिळकांचे अभंग व्हायचे. हैदराबादला बी.फार्म. करत असताना एका वर्गमित्राबरोबर या चर्चमध्ये गेलो आणि तिथलाच झालो. आजीनं त्यावरून वर्षभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं, पण तो वेगळा विषय.

आमच्यात मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष मिशनवर जातात, म्हणजे घर सोडून चर्चच्या सेवेला. मी २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेलो, बंगळुरू मिशनमध्ये. राजमहेंद्री, विशाखापट्टणम, शेवटी कोइमतूर. दर सहा आठवड्यांनी बदलीची यादी निघायची, आपलं गाव किंवा आपला जोडीदार बदलणार की नाही ते तेव्हा कळायचं. पहाटे साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी. सोबत कायम एक जोडीदार, ज्याला आम्ही कम्पॅनियन म्हणतो. संडास-आंघोळ सोडली तर तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला एक ईमेल. मी परत आलो आणि २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, आता पोरं दर आठवड्याला घरी बोलतात. मम्मी हे ऐकून खूश व्हायच्या ऐवजी चिडली होती. "आमच्याच वेळी का नाही केलं?"

जाताना दोन जोड बूट घेतले होते. एक दिवस हा, एक दिवस तो, म्हणजे मधल्या दिवशी चामडं आतून वाळतं. ही युक्ती मला तिथं शिकवली आणि एमआर लोकांना मी अजून सांगतो. त्यातला एक जोड विशाखापट्टणमच्या खाऱ्या दमट हवेत गेला. तळाला भोक पडलं तेव्हा आठवडा अर्धाच झाला होता आणि आमच्या खरेदी-दुरुस्तीचा दिवस सोमवार. त्याला पी-डे म्हणतात, कपडे धुणं, सामान आणणं, केस कापणं सगळं त्याच दिवशी. चार दिवस बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आत घालून चाललो. रोज संध्याकाळी पुठ्ठा बदलायचा. पावसाच्या दिवशी दोनदा. दुसरा जोड टिकला, माझ्याबरोबर बडोद्याला आला आणि माळ्यावर गेला.

तोच जोड घालून मी सप्टेंबरच्या एका सोमवारी कारेलीबागेत एका डॉक्टरांच्या बाहेर बसलो होतो. वरून अगदी ठीक होते, मी आदल्या रात्री पॉलिशही केलं होतं. अर्ध्या तासानं आत बोलावलं, उठलो, चार पावलं टाकली, तर समोरच्या बाकावरची एक आजीबाई म्हणाल्या, "अरे, तुझं काहीतरी सांडतंय." पांढऱ्या फरशीवर माझ्या मागे काळ्या चुऱ्याची रांग. सोल ओल्या केकसारखा तुटून पडत होता. बसल्या जागी तर एक ढीगच. डॉक्टरांसमोर मी खोकल्याच्या सिरपबद्दल काय बोललो ते मला आठवत नाही. बाहेर येऊन कंपाउंडरकडून झाडू मागून घेतला.

कारण नंतर डोक्यात आलं. हे सोल पॉलियुरेथेनचे. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं आत मुरतो आणि त्यातले एस्टर बंध पाण्यानं तुटत जातात. न वापरता ठेवले तरी हे टळत नाही. फार्मसीत हायड्रोलिसिस शिकलो होतो. अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली उघडली की आंबूस वास येतो तो त्याचाच. परीक्षेत पूर्ण मार्क होते. स्वतःच्या पायाखाली तेच चाललंय हे मात्र कळलं नाही. तुमच्याकडे लग्नात घेतलेले, जपून ठेवलेले बूट असतील तर कार्यक्रमाला घालण्याआधी अंगणात एक फेरी मारून बघा.

त्या दिवशी सोमवार, काकांचं दुकान बंद. मंगळवारी गेलो. त्याआधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एकानं सांगितलं, फेकून द्या. दुसरा नवा सोल नुसता चिकटवून साडेतीनशेत द्यायला तयार होता, तासाभरात. काकांनी बूट हातात घेतला आणि सोलकडे बघितलंच नाही. बोटं आत घालून टाचेची मागची बाजू चाचपली. ती मोडलेली होती, आतलं अस्तर फाटून पुठ्ठा वर आला होता. मग दुसरा बूट, तिथंही तेच.

"आ बूट चालीने नथी घसाया," ते म्हणाले. "काढी-पहेरीने घसाया छे."

मी हसलोच. दोन वर्षांत हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. जाताना बुटांबद्दल जे सगळं सांगितलं जातं ते मजबूत सोल घ्या, चालायचं खूप आहे, असं असतं. ज्या देशात उंबऱ्याबाहेर बूट काढायचे त्या देशातली गोष्ट वेगळी. आमचं काम बहुतेक ओळखीच्या घरांमधून चालायचं. कुणी आजारी, कुणाच्या पोराला इंग्रजी शिकवायचं, कुणी प्रार्थनेला बोलावलेलं. दिवसाला दहा घरं तरी व्हायची. प्रत्येक दारात बूट काढा, प्रत्येक दारातून निघताना घाला. आणि निघताना नाडी सोडून नीट कोण घालतं? घरातली माणसं निरोप द्यायला उभी, कम्पॅनियन फाटकाशी गेलेला, आपण टाच दाबून पाय आत कोंबायचा. दिवसाला दहा वेळा तरी. माझ्या दोन वर्षांचा हिशेब सोलमध्ये नव्हताच, टाचेच्या त्या मोडलेल्या कडेत होता, आणि तो या माणसानं पाच सेकंदांत बोटांनी वाचला.

त्यांनी मला तिथंच सांगितलं की नुसता सोल लावला तर महिन्यात परत याल, टाच आतून बांधायला हवी. साडेसातशे. मी घासाघीस केली नाही. खरं तर करायला हवी होती, मला वाटतं सातशेला झालं असतं.

पिशवीत उजव्या बुटात कागदात गुंडाळलेली माझी नावपट्टी होती, ती मी बघितलीच नव्हती. काकांनी बूट झटकल्यावर खाली पडली. त्यांनी उचलून पुसली. "आ शेनो बिल्लो? कंपनीनो?"

मी सांगितलं. चर्चचा. दोन वर्षं सेवा केली, दक्षिणेत.

"पगार केटलो आपता?"

पगार नसतो म्हटलं. उलट घरच्यांनी पैसे भरायचे. मी गेलो तेव्हा अमेरिकेतली कुटुंबं महिन्याला ४०० डॉलर भरायची, पुढे २०२० मध्ये ते ५०० झाले. आमच्यासारख्यांनी झेपेल तेवढं, उरलेलं चर्चच्या निधीतून. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग शेजारच्या घड्याळवाल्याला मोठ्यानं सांगितलं की हा भाई दोन वर्षं चालला आणि वरून स्वतःच पैसे दिले. घड्याळवाला दुर्बीण डोळ्यावरून न काढता म्हणाला, "माझा मुलगा जिममध्ये तेच करतो."

आता चहाचं. या दुकानात कमीत कमी तीनदा जावं लागतं आणि दर वेळी काका समोरच्या गाडीवर बोट दाखवतात, "एक अडधी." नाही म्हणणं अवघड जातं. आमच्यात चहा-कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथला मिळालेलं प्रकटीकरण आहे, त्यात 'गरम पेयं' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा धरतात. ग्रीन टीसुद्धा नाही, तोही चहाच. गवती चहा चालतो, कारण त्यात नावापुरताच चहा आहे. एमआर माणसानं चहा न पिणं म्हणजे काय ते धंद्यातल्यांना विचारा. केमिस्टकडे बसलात आणि चहा नाकारलात की समोरचा समजतो, याला आपली ऑर्डर नकोय.

मिशनवर मी यासाठी एक तेलुगू वाक्य पाठ केलं होतं, "नीळ्ळु चालु." पाणी पुरे. तेलुगूत चालु म्हणजे बस्स, पुरे. पहिले दोन आठवडे मला ते तोंडातून काढताना विचित्र वाटायचं, कारण माझ्या डोक्यात चालू म्हणजे सुरू, येऊ द्या. राजमहेंद्रीच्या एका घरात मी गडबडीत नुसतंच "चालू, चालू" असं मराठी सुरात हात हलवत म्हणालो, आणि त्या बाईंनी बरोबर ओळखून पेला खाली ठेवला. शब्द तेलुगू होता की मराठी, मला आजही सांगता येणार नाही.

काकांना पहिल्या खेपेला मी नुसतं "नको" म्हटलं, दुसऱ्या खेपेला "पोटाला चालत नाही" म्हटलं. हे खोटं होतं. मिशनवर असताना मी असं कधी बोललो नव्हतो. तिथं नावपट्टी होती, ती बघून माणूस आपण होऊन अंदाज बांधायचा. आता पट्टी नाही, बॅगेत औषधांचे नमुने आहेत, आणि टेबलापलीकडच्या माणसाशी आपला काय संबंध असं वाटून मी सोपं कारण पुढे करतो. तिसऱ्या खेपेला खरं सांगितलं. काकांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांच्या बहिणीनं म्हणे कांदा-लसूण सोडलंय. गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "भाई चा नथी पीता, उकाळो आप." आलं, पुदिना, गवती चहा उकळलेलं गरम दूध आलं. दहा रुपये त्यांनीच दिले. आणि दोन खेपा मी उगाच पोटाला दोष देत बसलो होतो.

कामाबद्दल. दुसऱ्या दिवशी बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम जाऊन बसलो, कारण सोल 'शिवतो' म्हणून प्रत्यक्षात चिकटवणारे बरेच पाहिलेत. जुना चुरा रापीनं खरवडून काढला. मग कानशीनं घासून तळ खरखरीत केला, बोट फिरवून, पुन्हा घासून. रबराचा सोल पायाच्या मापापेक्षा बोटभर मोठा कापला. दोन्हींना सोल्यूशन लावलं आणि बाजूला ठेवून दिलं. इथं घाई करणारे ओल्यावरच चिकटवतात. काकांनी वीसेक मिनिटं दुसऱ्याच कुणाच्या चपलेचा अंगठा शिवला, मग बोटाचा मागचा भाग सोल्यूशनला लावून बघितला. चिकटला नाही तेव्हाच सोल बसवला, ऐरणीवर उलटा घालून हातोडीनं मधून कडेकडे ठोकत गेले. जास्तीचं रबर रापीच्या एकाच फटक्यात कडेनं उतरवलं, सफरचंदाच्या सालीसारखी सलग पट्टी निघाली.

शिलाईसाठी दोऱ्याला मेण घासलं. आरी बाहेरून आत घालायची, आतल्या हातानं दोरा तिच्या टोकाच्या खाचेत अडकवायचा, ओढून घ्यायचा, दुसरं टोक त्या फासातून, मग दोन्ही हात पसरून खेचायचं. आतला हात बुटात असल्यामुळे दिसत नाही. सगळं अंदाजानं. मी टाके मोजले, एका बुटाला सव्वाशेच्या आसपास भरले. उजव्या तर्जनीच्या पेरावर त्यांना दोरा ओढून ओढून खाच पडलेली आहे, पेन्सिल ठेवता येईल एवढी.

टाचेच्या आतलं काम मला बघता आलं नाही, डॉक्टरांची वेळ झाली. पण ते सगळ्यात चांगलं झालंय. आतून मऊ चामड्याचा तुकडा, कडा तासून पातळ केलेल्या, त्यामुळे पायाला जोड लागतच नाही. आणि मागे वरच्या काठाला त्यांनी न सांगता एक छोटा चामडी फास शिवून दिला, बोट घालून बूट ओढून घ्यायला. "हवे दबावशो नहीं," म्हणाले. म्हणजे आता टाच दाबून घालू नका. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तारखेबद्दल तक्रार केली, तर पूर्ण सांगायला हवं. गुरुवारचा वायदा होता. गुरुवारी गेलो तर उजवा तयार, डावा नाही. गणपतीचे दिवस, पोरं वर्गणीला, काका आरतीला. बडोद्यात गणपतीत कामाची अपेक्षा ठेवणाऱ्याचीच चूक. "रविवारी सकाळी या," म्हणाले. मी म्हटलं, रविवारी मी काही विकत घेत नाही, कुणाला पैसे देत नाही. आमच्यात तो दिवस वेगळा ठेवतात.

"तो पैसा पछी आपजो," ते म्हणाले.

पण मी गेलो तर माझ्यासाठी दुकानात बसून राहायला लागेल ना, असं मी काहीतरी म्हणालो. त्यावर ते जरा तिखट बोलले. "मारो तो रविवारे ज धंधो." नोकरीवाले लोक सुट्टीच्या दिवशीच चपला-बूट घेऊन येतात, म्हणून ते सोमवारी बंद ठेवतात. मी आलो न आलो, ते बसणारच होते. खरंच होतं त्यांचं. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, अजून नाही. नियम माझा आहे, त्यांच्या रोजीवर तो लावायचा नाही एवढं कळतं, पण म्हणून मी रविवारी बाजारात जाऊन उभा राहिलो असतो तर माझा रविवार उरला नसता. त्या रविवारी मी घरी थांबलो. सोमवारी दुकान बंद. मंगळवारी अनंत चतुर्दशी, अख्खं शहर रस्त्यावर. बुधवारी बूट मिळाले. तेव्हा वर जे 'पुढचा बुधवार' म्हटलं त्यातले तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत. तुम्ही रविवारी जाऊ शकत असाल तर तुम्हाला तीन दिवसांचा उशीर, मला सहा. मधले दिवस मी मेहुण्याचे बूट घातले, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून.

वर्षभराचा अनुभव. पहिला आठवडा सोल्यूशनचा वास जात नाही, एसी केबिनमध्ये तर नर्सबाईंनी खिडकी उघडली. पहिले पंधरा दिवस डावा बूट कुरकुरायचा, दवाखान्याच्या शांत व्हरांड्यात फार लाजवाणं. टाल्कम पावडर आत टाकल्यावर थांबला. नवा सोल जुन्यापेक्षा जड आहे, संध्याकाळी पोटऱ्यांना कळतं. कडेला जो काळा रंग फासतात तो पहिल्या पावसात सुटला आणि पांढरट पँटची किनार खराब झाली. हा दोष मी त्यांना सांगितला, ते म्हणाले पावसात पांढरी पँट का घातली. यंदाच्या ऑगस्टमध्ये उजव्या बुटाची चोच थोडी उघडली. फुकट करून दिली, पण दोन चकरा झाल्या. शिलाई एकाही ठिकाणी तुटलेली नाही. टाच जशीच्या तशी उभी आहे.

खेळाचे बूट ते घेत नाहीत, सरळ हात जोडतात. बायकोच्या सँडलची पट्टी उभ्या उभ्या वीस रुपयांत लावून दिली. यूपीआय चालतं, कोड मुलाच्या नावाचा आहे, त्यामुळे पैसे आले की नाही हे काका मुलाला फोन करून विचारतात आणि आपण तोवर थांबायचं. रोख न्या.

मिशनच्या सवयींपैकी माझ्याकडे किती उरल्या, असं मला घरातलं कुणी ना कुणी विचारत असतं. साडेसहाला उठणं राहिलंय. उठल्याबरोबर गुडघे टेकणं राहिलंय, त्यानंतर अर्धा तास वाचन बहुतेक दिवस होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारचा दोन जेवणांचा उपास आहे, वाचलेले पैसे दानात जातात. रात्री साडेदहाला दिवा बंद करणं लग्नानंतर सुटलं. परत आल्यावर पहिले काही आठवडे मला एकट्यानं दूध आणायला जाताना चुकल्यासारखं व्हायचं, मागे वळून कम्पॅनियन कुठे राहिला ते बघायचो. ते आता होत नाही. एक मात्र अजून करतो, रात्री दुसऱ्या दिवशीचे बूट दाराशी वर्तमानपत्रावर ठेवून ब्रश मारतो. मिशनवर आम्ही दोघं समोरासमोर बसून हे करायचो आणि तेवढ्यात उद्या कुणाकडे जायचं ते ठरवायचो. आता मी एकटा ब्रश मारतो आणि उद्याच्या डॉक्टरांची यादी मनात म्हणतो. मधूनच त्या यादीत राजमहेंद्रीच्या कुणाचं तरी नाव घुसतं. त्याच्यासाठी चार शब्द प्रार्थनेचे होतात, मग पुन्हा यादी.

पाचातले साडेतीन तारे देतोय. अर्धा तारा कडेच्या रंगामुळे गेला, एक तारखेमुळे, म्हणजे निम्मा माझ्यामुळे.

पुरात पापड झालेल्या दोन जोडांतला एक मी टाकला नव्हता. परवा तोही नेऊन दिला. काकांनी टाचेत बोट घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, याला पण फास लावतो. गुरुवारी या म्हणालेत. म्हणजे रविवार. म्हणजे माझा मंगळवार.